कांजी केलेला तंबू

मी तंबू बोलतोय. पण कोरा करकरीत, दुकानातून नुकताच आलेला तंबू डोळ्यांपुढे आणू नका. मी एकाने वापरून विकलेला आणि दुसऱ्याने हौसेने घेतलेला तंबू आहे. शिवाय माझ्या अंगाला एकदा कांजी केली होती. होय, तीच, सुती साडीला करतात ती. कांजी केलेला दुसरा एखादा तंबू तुमच्या पाहण्यात आला तर त्याला माझा निरोप द्या, की बाबा रे, तू एकटा नाहीस.

माझा मुक्काम बुऱ्हाणपुरात आहे, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका गल्लीत, देवरामआबांच्या घरी. इथे मला कुणी वाईट वागवलं नाही. तेच तर माझं दुखणं आहे. वाईट वागवलं असतं तर मी तक्रार केली असती आणि मोकळा झालो असतो. या घराने माझे लाड केले, आणि मी त्यांना काय दिलं ते सांगताना माझी मान खाली जाते.

माझा जन्म एका कारखान्यातला. शिलाईच्या मशिनी, डोक्यावर पांढरे दिवे आणि कापडाचे ढीग, एवढंच आठवतं. मला शिवण्याआधी माझ्या छताच्या कापडाला आतून एक पातळ लेप दिला होता. दिसायला तो काहीच नाही, हाताला जरा गुळगुळीत लागतो इतकंच. पण तो लेप म्हणजेच माझा तंबूपणा. तो शाबूत आहे तोवर पावसाचा थेंब आत येत नाही. तो गेला की मी नुसता काठीवर टांगलेला कपडा.

माझा पहिला मालक अमोल, जळगावचा. त्याने मला डोंगरांवर नेलं. वारा खाल्ला, चांदणं पाहिलं, माकडांनी माझी एक खुंटीही पळवली. सुरुवातीला तो मला जिवापाड जपायचा. घरी आला की आधी मला दोरीवर वाळवायचा, मग स्वतः जेवायचा. पुढे त्याला नोकरी लागली, भटकणं कमी झालं. एका पावसाळी सहलीवरून आल्यावर त्याने मला ओलाच गुंडाळला आणि कपाटावर टाकला. उद्या वाळवतो म्हणाला. ते उद्या काही उगवलं नाही.

कपाटावर, बंद पिशवीत, ओल्या अंगाने मी उन्हाळे काढले. तिथेच माझा लेप बिघडायला लागला. आधी चिकट झाला, मग त्याला नासलेल्या दुधासारखा वास यायला लागला. बाहेरून मात्र माझा निळा रंग तसाच तजेलदार होता. अमोलने एक दिवस माझा फोटो काढून फोनवर विकायला टाकला. फोटो झकास आला. फोटोला वास नसतो.

तो फोटो बुऱ्हाणपुरात गौरवने पाहिला.

गौरव हा देवरामआबांचा मुलगा, एका शाळेत क्लार्क. त्याला डोंगर चढायची हौस नव्हती. त्याला मी हवा होतो तो आबांसाठी. आबांनी सारी उमर लूमवर काढली. धोट्याच्या खटखटीने त्यांचे कान गेले. माणसांचं बोलणं ऐकू येईना, पण खटखट तेवढी डोक्यात राहिली. घरचे लूम केव्हाच विकले, तरी गल्लीतले बाकीचे दिवसरात्र चालतात, आणि आबा म्हणायचे की त्यांचे हादरे जमिनीतून, खाटेच्या पायांतून अंगात येतात. एकदा त्यांनी गौरवला म्हटलं होतं, "फोपनारला निंबाच्या केळीत एक दिवस नुसतं पडून राहावं वाटते. काहीच हालू नये खाली."

निंबा हा त्यांचा मावसभाऊ, फोपनारला त्याच्या केळीच्या बागा. बापाने आयुष्यात मागितलेली ती पहिली वस्तू असावी, कारण गौरवच्या मनात ती घर करून बसली. म्हणून तो सुट्टी टाकून जळगावला आला.

अमोलने मला त्याच्यापुढे उलगडला तेव्हा माझ्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. सुटताना चर्र आवाज झाला. गौरवने छताला बोट लावलं, ते चिकटलं. त्याने अमोलकडे पाहिलं. अमोल म्हणाला, कोटिंग आहे, असंच असतं. गौरवच्या चेहऱ्यावर शंकेची एक सावली येऊन गेली, मी ती पाहिली. पण इतक्या लांब आलेला माणूस शंका फार वेळ जवळ ठेवत नाही. त्याने मला मोटारसायकलला बांधलं. माझा खाली अंथरायचा तुकडा वेगळा होता, तो त्याने गाडीला बाजूला लावलेल्या डिकीत कोंबला आणि विसरून गेला. त्या तुकड्याची आठवण ठेवा, तो पुढे येणार आहे.

घरी आल्यावर मला पहिल्यांदा हात लावला तो मालूबाईंनी. मालूबाई म्हणजे गौरवची आई. आबा लूमवर असायचे तेव्हा त्या घरी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. कापडाशी त्यांचं नातं माहेरासारखं. गल्लीतल्या बायका सणाच्या आधी सुती साड्या त्यांच्याकडे कांजी करायला आणायच्या, आणि त्या साड्या अशा व्हायच्या की निरीला हात लावला तर कुरकुर वाजावी. आबांच्या पांढऱ्या टोपीची तर बातच सोडा. दर रविवारी मालूबाई आबांपुढे उभ्या राहून स्वतःच्या डोक्यावर दोनदा बोटं टेकवायच्या, म्हणजे टोपी द्या. लूमवाल्यांच्या घरात असं हातानेच बोलायची रीत. खटखटीत तोंडाने बोलून काय उपयोग? नवरा-बायकोचा अर्धा संसार अशा खुणांवर झालेला. गौरवला मात्र शाळेत घातला, लूमवर बसू दिलं नाही, त्यामुळे त्याला या खुणा धड येत नाहीत. त्याला आबांशी ओरडूनच बोलावं लागतं.

मालूबाईंनी माझा वास घेतला आणि नाक मुरडलं नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "वापरेल कापड असं घरात नही घेत, गौरव. कुनाचं, कुठं पडेल होतं, काय माहीत. मी धुवून देते." गौरव कामावर निघाला होता. धू, म्हणाला, आणि गेला.

लूमच्या गल्लीत कोणतंही परकं कापड घरात आलं की आधी सोड्याच्या गरम पाण्यातून काढतात आणि मग कांजी करतात. बिनकांजीचं कापड म्हणजे त्यांच्या दृष्टीने उघडं कापड. मालूबाईंनी घमेल्यात पाणी तापवलं, सोडा टाकला, मला त्यात दाबला. माझा बिघडलेला लेप सुटायला लागला. पांढरे पापुद्रे पाण्यावर तरंगू लागले. त्या ते पाहून खूश झाल्या. शेजारच्या शारदाबाईंना हाक मारून म्हणाल्या, "पाहा ना, किती मळ निघू राहिला." आणि आणखी जोर लावून त्यांनी मला घासलं.

तो मळ नव्हता हो. मीच निघत होतो. पण खरं सांगू? मला ते आवडत होतं. अमोलच्या कपाटावरून आल्यावर कुणीतरी मला दोन्ही हातांनी चोळत होतं, माझ्या शिवणी बोटांनी उलटून पाहत होतं. मी लाड करून घेत होतो. ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

मग त्यांनी तांदळाची कांजी केली, गाळली, त्यात मला बुडवला आणि गच्चीवर उन्हात ताणून वाळवला. संध्याकाळी त्यांनी माझी घडी घातली, ती नऊवारीची घालावी तशी, काठ काठाला जुळवून. मी कडक इस्त्री केल्यासारखा झालो होतो. गौरवने पाहिलं आणि हसला. वास गेला होता, चिकटपणाही गेला होता. त्याला वाटलं, आईच्या हाताला खरंच गुण आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

दिवाळी झाली आणि बाप-लेक फोपनारला निघाले. मालूबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि आबांच्या डोक्यावर ताजी, कडक टोपी स्वतःच्या हाताने बसवली. निंबाच्या बागेत कापणी झालेला एक मोकळा तुकडा होता, तिथे मला उभा केला. अंथरायचा तुकडा काही सापडला नाही, म्हणून निंबाने केळीची पानं पसरली. आबा आत आडवे झाले. त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग गौरवला म्हणाले, "नही हालू राहिलं. काहीच नही."

त्यांचा चेहरा मी वरून पाहत होतो. असा चेहरा मी डोंगरावरसुद्धा कुणाचा पाहिला नव्हता.

दुपार कलली तशा मुंग्या आल्या. माझ्या अंगाच्या कांजीचा त्यांना वास लागला असणार. रांगच्या रांग माझ्या काठ्यांवरून चढू लागली. गौरव त्या झटकत होता, आबा हसत होते. इथवर सगळी गंमतच होती. दिवे लागायच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि अवेळी पाऊस कोसळला. आधी माझी कांजी विरघळली. पांढरं पाणी आबांच्या कपाळावर, टोपीवर ठिबकू लागलं. त्यामागून खरं पाणी आलं. मी सगळा जोर एकवटला, पण जोर कशाचा लावणार? लेपच नव्हता. मी गाळणीसारखा गळत होतो आणि माझ्याखाली एक म्हातारा माणूस भिजत होता. आबांना ऐकू येत नाही, त्यामुळे पाऊस किती वाढलाय ते त्यांना लवकर कळलंच नाही. ते तळहात जमिनीवर ठेवून पडूनच होते. गौरवने त्यांना ओढून बाहेर काढेपर्यंत ते कुडकुडायला लागले होते.

निंबाच्या पडवीत मी चिखलाच्या गोळ्यासारखा पडलो होतो. आत आबांना घोंगडीत गुंडाळलेलं. गौरवने घरी फोन लावला. हात ओले होते म्हणून त्याने फोन खाटेवर ठेवला आणि स्पीकर लावून बोलला, त्यामुळे मी ऐकलं. तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल ते फेकतो. तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं सोडा टाकायला, कांजी करायला? तुझा हात लागला आणि सगळं खराब झालं."

पलीकडून मालूबाईंनी एवढंच विचारलं, "आबा कसे आहेत?"

आबांना ताप भरला. छातीत कफ झाला, दवाखाना झाला. थंडी सरली तसे ते बरे झाले, पुन्हा ओट्यावर बसू लागले. मला धुवून माळ्यावर टाकलं होतं. माळ्यावरून ओटाही दिसतो आणि स्वयंपाकघराचं दारही दिसतं, त्यामुळे पुढचं सगळं मला पाहावं लागलं.

मालूबाईंनी कांजी करणं सोडलं.

आधी मला कळलं नाही. वाटलं, आबांच्या आजारपणात राहून गेलं असेल. पण संक्रांतीला शारदाबाई साडी घेऊन आल्या तेव्हा मालूबाई म्हणाल्या, हात दुखतात. शारदाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि हळूहळू बाकीच्या बायकाही यायच्या बंद झाल्या. रविवार यायचे आणि जायचे. डोक्यावर दोनदा बोटं टेकवायची ती खूण पुन्हा झाली नाही. आबा मऊ, पडलेली टोपी घालून बसायचे. मालूबाई स्वयंपाक करायच्या, भांडी करायच्या, पण दोरीवरचं कापड काढताना ते दोन बोटांत धरून काढायच्या. आपला हात लागला की वस्तू नासते, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ज्या हातांनी घर चाललं त्या हातांची त्यांना भीती वाटायला लागली होती.

आणि मी माळ्यावर पडून होतो. मला ठाऊक होतं की मी आधीच नासलेला होतो. सोड्याने मी जरा लवकर उघडा पडलो, एवढंच. कांजी नसती तरी मी गळलोच असतो. एका बाईच्या हातांवर माझा डाग बसला होता आणि मला तोंड नव्हतं.

होळीनंतर एका सुट्टीच्या सकाळी गौरव ओट्यासमोर गाडी पुसत होता. त्याने डिकी साफ करायला उघडली आणि माझा तो अंथरायचा तुकडा त्याच्या हाती आला. त्याने तो उलगडला. चर्र आवाज झाला. जळगावला झाला होता तोच. त्यालाही माझ्यासारखाच लेप होता, तो सुटून गौरवच्या बोटांना पांढरे पापुद्रे चिकटले. त्या तुकड्याने सोडा पाहिला नव्हता, की कांजी पाहिली नव्हती. मालूबाईंचा हात त्याला कधीच लागला नव्हता.

गौरव ओट्यावर खाली बसला. मग त्याने अमोलला फोन केला. अमोल काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, गौरवचं तेवढं ऐकू आलं. "ओला होता तर तेव्हाच सांगायचं ना भाई," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "हां, मी पण बघितलं होतं. बघितलं होतं मी."

आता तो आईकडे जाईल, मी म्हटलं. तो उठलाही, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलाही. मालूबाईंनी वर पाहिलं. त्याने पाणी मागितलं, पिऊन परत आला. तो तुकडा त्याने माळ्यावर माझ्या शेजारी फेकला. त्यानंतर रोज हेच. जेवताना आईने भाकरी वाढली की तो फोन काढून बघत बसायचा. मला त्याचा राग यायचा, पण फार वेळ टिकायचा नाही. मी तरी काय वेगळा होतो? मालूबाईंनी मळ म्हणून माझे पापुद्रे काढले तेव्हा मी सुखात डोळे मिटून पडलो होतो.

गुढीपाडवा जवळ आला. संध्याकाळची वेळ होती, गल्लीतले लूम धडाक्यात चालू होते. शारदाबाई पुन्हा एकदा साडी घेऊन आल्या. सुनेच्या माहेरचे येणार होते म्हणून त्यांनी आग्रह केला. मालूबाईंनी साडीकडे पाहिलं, हात पदरात गुंडाळले आणि नाही म्हणाल्या. शारदाबाई साडी घेऊन परत निघाल्या. ओट्यावर आबा होते, गौरव नुकताच कामावरून आला होता. आबांनी शारदाबाईंच्या हातातली साडी पाहिली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ती बोटांत मोडून पाहिली.

ते म्हणाले, "तुझी माय माझ्यावर रुसेल आहे का रे? फोपनारचा हट्ट मीच केला होता. मीच आजारी पडलो. तिला माझ्यामुळे त्रास झाला."

मी माळ्यावर थिजलो. म्हणजे या घरात आबासुद्धा स्वतःलाच दोष देत बसले होते. फोनवर काय बोलणं झालं ते त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं.

गौरव म्हणाला, नाही आबा, तसं नाही.

"काय?" आबांनी कान पुढे केला.

तो जरा मोठ्याने म्हणाला. आबांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. गौरवने खुणा करून पाहिल्या, पण ही गोष्ट सांगायची खूण त्याला येत नव्हती. मला वाटलं, आता हा हात झटकेल आणि आत जाईल. त्याने माळ्याकडे पाहिलं. मग तो आबांच्या समोर उभा राहिला, श्वास भरून घेतला आणि लूमच्या खटखटीवर चढून बोलू लागला.

"आईचं काही चुकलं नव्हतं, आबा. तंबू घेतला तेव्हाच खराब होता. मी बघितलं होतं, तरी घेतला. आणि मग सगळा दोष मी आईला..."

नेमकी तेव्हाच लाइट गेली. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे लूम एकामागून एक बंद पडले. गौरवचा आवाज मात्र अजून लूमच्या आवाजावरच चढलेला होता.

"...मी आईला दिला. तिच्या हाताने खराब झालं असं म्हणालो. ते खोटं होतं."

त्या शांततेत ते वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. लाइट गेली म्हणून लोक दारात आले होते, ते तिथेच उभे राहिले. शारदाबाई साडी घेऊन रस्त्याच्या मधोमध थांबल्या. गौरवला कळलं की आपण किती मोठ्याने बोललो, पण शब्द आता परत घेता येण्यासारखे नव्हते. बरं झालं.

मालूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. रडल्या नाहीत.

"मग मी इतके महिने माझेच हात लपवत फिरली," त्या म्हणाल्या. "आणि तू पाहत होता."

गौरवने मान डोलावली.

"कांजी नव्हती करायची, तेवढं माझं चुकलंच," त्या पुढे म्हणाल्या. "मुंग्या तर माझ्यामुळेच आल्या." मग त्या आबांपुढे आल्या. पदरातून हात बाहेर काढला आणि स्वतःच्या डोक्यावर दोनदा बोटं टेकवली. आबांनी टोपी पुढे केली. ती घेऊन जाताना त्यांनी रस्त्यातल्या शारदाबाईंकडे नुसता हात पसरला, आणि शारदाबाईंनी येऊन साडी त्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला माळ्यावरून काढलं. धुतलं नाही. गच्चीवर उभा केला, तेव्हापासून मी तिथेच आहे. उन्हाळा आहे, पाऊस नाही, त्यामुळे सध्या तरी मी तंबू आहे. संध्याकाळी लाइट गेली की आबा उशी घेऊन वर येतात आणि माझ्यात पडतात. तळहात जमिनीवर टेकवतात. थोडा वेळ काहीच हालत नाही.

माझे उरलेसुरले पापुद्रे मात्र अजून सुटतात. ते आबांच्या केसांत पडतात, त्यांच्या कडक टोपीवर पडतात. मालूबाई ते टिचकीने उडवतात आणि म्हणतात, पाहा, अजून निघू राहिला याचा मळ. त्या हे आता हसून म्हणतात, गौरवला ऐकू जाईल असं म्हणतात. गौरव हसत नाही, आणि मीही नाही. आम्हा दोघांना अजून थोडे दिवस लागतील.

आभाळ भरून यायला लागलं की माझी रजा झाली समजा. तेव्हा मला आधी नीट वाळवा, मग घडी घाला. आणि पुढे कधी मला कुणाला द्यायची वेळ आली, तर एवढं करा. माझ्या रंगाचं कौतुक करू नका. घेणाऱ्याचा हात धरून माझ्या छतावर ठेवा आणि सांगा, याचा लेप गेलेला आहे. मोठ्याने सांगा. आमच्या गल्लीत हळू सांगितलेलं कुणाला ऐकू येत नाही.